बालकाचा वाढदिवस : मात्रा, काल आणि वैद्याचा सल्ला

आयुर्वेदीय चिकित्सकाच्या दवाखान्यात बालकाच्या वाढदिवसाचा विषय बहुधा दोन वेळा निघतो. समारंभाच्या चार-पाच दिवस आधी माता बालकास घेऊन येते आणि सांगते, "सर्दी आहे, पण रविवारपर्यंत बरे व्हायलाच हवे, वाढदिवस आहे." त्यानंतर तेच बालक सोमवारी सकाळी पुन्हा येते. रात्री दोनदा उलटी झालेली असते, पोट फुगलेले असते, अंग कोमट असते आणि डोळ्यांत झोप असते. पहिल्या भेटीत आपण औषध देतो, दुसऱ्या भेटीतही औषध देतो. दोहोंच्या मधल्या रविवारी काय योजिले आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. त्या रविवारासंबंधी वैद्याने व औषधालयाच्या मालकाने पालकांशी काय बोलावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाढदिवस साजरा करू नये, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. वर्षभर रात्रीचा दिवस करून बालक वाढविणाऱ्या माता-पित्यांस तो आनंद हवा असतो व तो त्यांचा हक्कच आहे. केवळ 'हे खाऊ नका, ते देऊ नका' असे सांगणाऱ्या वैद्याचे कोणी ऐकत नाही, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. म्हणून निषेधाची यादी देण्यापेक्षा समारंभाची आखणी करून देणे अधिक उपयोगाचे ठरते. या आखणीचे सूत्र एकच : समारंभाची वेळ, जागा, आहार व गर्दी ही सर्व बालकाच्या मात्रेने ठरावीत, पाहुण्यांच्या मात्रेने नव्हे.

कात्रपचे चित्र

बदलापूर पूर्वेकडील कात्रप हा भाग आमच्या नित्य परिचयाचा आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या क्षेत्राची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. त्यानंतर किती भर पडली असेल याची कल्पना कात्रपमधील नव्या इमारती पाहून येते. येथे घर घेतलेली तरुण कुटुंबे नोकरीसाठी ठाणे-मुंबईकडे जातात. बदलापूर हे स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर अंतरावर आहे. सकाळी निघालेले माता-पिता रात्री आठ-नऊच्या सुमारास घरी पोहोचतात. दिवसभर बालक आजी-आजोबांकडे किंवा पाळणाघरात असते.

या दिनक्रमाचा परिणाम वाढदिवसावर होतो. कामाच्या दिवशीचा वाढदिवस रात्री साडेआठपूर्वी सुरू होत नाही. रविवारी ठेवावा, तर मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि डोंबिवली-दादरचे नातलग तासभर उशिरा येतात. केक थांबतो, मेणबत्त्या थांबतात आणि त्यांच्याबरोबर बालकही थांबते. एरवी आठ वाजता वरण-भात खाऊन झोपणारे दोन वर्षांचे मूल जरीच्या टोचणाऱ्या कपड्यांत साडेनऊपर्यंत जागे ठेवले जाते. मग कोणीतरी झोपलेल्या बालकास हलवून उठविते, दिवे मालविले जातात, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि बालक घाबरून रडू लागते. त्याच रडण्याचे छायाचित्र पुढे भिंतीवर लागते.

उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना आपण दोष देत नाही. ते अंतर कापून प्रेमानेच येतात. परंतु ज्याचा वाढदिवस, त्याच्याच आहार-निद्रेचा त्या दिवशी विचार होत नाही, एवढे वैद्याने पालकांच्या लक्षात आणून द्यावयास हवे.

संहितांतील मार्गदर्शन

आपल्या आचार्यांनी वाढदिवसाच्या मेजवानीविषयी अध्याय लिहिलेला नाही. तथापि बालकास कसे हाताळावे याविषयी त्यांनी जे सांगितले आहे, ते जणू अशाच प्रसंगासाठी आहे. सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सांगतात की, बालकाच्या शरीरास सुख होईल अशा रीतीने त्यास घ्यावे, धाक दाखवू नये, एकाएकी जागे करू नये, एकाएकी हिसकावून घेऊ नये किंवा वर उडवू नये, आणि त्यास नित्य प्रिय गोष्टींनी रमवावे. एकाएकी जागे केल्यास वित्रास होतो आणि वर उडविल्याने वातादींचा बिघाड होतो, अशी कारणेही तेथे दिली आहेत. वाऱ्यापासून, उन्हापासून आणि विजेच्या लखलखाटापासून बालकास जपावे, असेही त्यांचे सांगणे आहे. आजच्या समारंभातील कॅमेऱ्याचा झगझगाट, एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे बालक आणि त्यास हवेत उडविणारे उत्साही काका डोळ्यांपुढे आणावेत, म्हणजे या वचनांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळण्यांचे गुण सांगितले आहेत. खेळणे नानाविध असावे, नाद करणारे असावे, मनोहर असावे, जड नसावे, टोकदार नसावे, तोंडात जाण्याजोगे नसावे, प्राणहारक नसावे व भीती उत्पन्न करणारे नसावे. त्याच ठिकाणी, रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भेडसावू नये, असे बजाविले आहे. भाड्याने आणलेल्या मोठ्या डोक्याच्या अस्वलाच्या किंवा विदूषकाच्या वेशातील माणसास पाहून दोन-तीन वर्षांची मुले आईला घट्ट धरतात, तेव्हा त्यांस हसण्याऐवजी चरकाचार्यांचे हे वचन आठवावे.

वयाचा विचार सुश्रुतांनी स्पष्ट केला आहे. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व त्यापुढे अन्नाद. म्हणजे पहिला वाढदिवस ही क्षीरप अवस्था ओलांडण्याची सीमा, तर दुसरा ही क्षीरान्नाद अवस्था ओलांडण्याची. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास पूरक आहार सुरू करण्याचा आधुनिक बालरोगशास्त्राचा उपदेश व हे फलप्राशन परस्परांस पूरक आहेत. पहिल्या वाढदिवसाच्या वेळी अन्नाशी बालकाची नुकतीच ओळख झालेली असते. अशा कोवळ्या अग्नीपुढे एकाच संध्याकाळी मैदा, साखर, वनस्पती तूप, खवा आणि बर्फाचे पदार्थ ठेवावे काय, याचा विचार व्हावा.

अर्धी ओंजळ दूध

धर्मसिंधू, निर्णयसिंधू यांसारख्या निबंधग्रंथांत वर्धापनविधी, म्हणजेच वर्षपूर्तीचा विधी, वर्णिलेला आहे. त्यात मार्कण्डेय व अश्वत्थामादी चिरंजीवांचे पूजन आहे, षष्ठीदेवीस दहीभाताचा नैवेद्य आहे, आणि शेवटी तीळ व गूळ मिसळलेले दूध प्यावयाचे आहे. या दुधाचे प्रमाणही सांगितले आहे : अर्धी ओंजळ. त्या दिवशी नखे-केस कापणे, आमिष, कलह, हिंसा आणि प्रवास वर्ज्य मानले आहेत.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. वैद्य म्हणून आम्हांस यांतील दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, गोडाला मात्रा होती. वर्षाच्या सर्वांत मोठ्या दिवशीही मधुर पदार्थ ओंजळभरसुद्धा नव्हता, अर्धी ओंजळ होता. दुसरी, त्या दिवशी प्रवास व कलह नको, असे सांगितले होते. मूल एक वर्षाचे झाले म्हणून त्यास दोन तास गाडीत बसवून दूरच्या विश्रामस्थळी नेणे आणि तेथे पोहोचल्यावर थकलेल्या मोठ्यांची वादावादी त्याच्यासमोर होणे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस या निषेधाचे मर्म कळेल.

औषधाच्या मात्रेविषयी आपण किती काटेकोर असतो, हे येथे आठवावे. सुश्रुतांनी क्षीरपासाठी बोटाच्या दोन पेरांवर राहील एवढा, क्षीरान्नादासाठी बोराच्या आठळीएवढा आणि अन्नादासाठी बोराएवढा कल्क सांगितला आहे. औषध आठळीने मोजणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. मग त्याच बालकाच्या ताटलीत तळहाताएवढा केकचा तुकडा पडताना आपण काहीच बोलू नये, हे विसंगत आहे.

बोरन्हाणाचा धडा

आपल्याकडे लहान मुलांचा म्हणून एक समारंभ पूर्वापार आहे, तो बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात बालकास हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात व त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरे, उसाचे तुकडे, हलवा ओततात. शेजारची मुले ते वेचतात. हा समारंभ दिवेलागणीच्या आत, घरातल्या घरात, जमिनीवर आणि अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. येणारी मुले चाळीतील किंवा जिन्यातील, म्हणजे ओळखीची असतात. हेमंत-शिशिरात अग्नी बलवान असल्याने तीळ-गूळही त्या काळास साजेसा असतो.

वाढदिवसाची आखणी करताना हाच नमुना पुढे ठेवावा, असे आम्ही पालकांस सुचवितो. जवळची मुले, उजेडाची वेळ, बसावयास जमीन आणि थोडका अवधी, एवढ्या चार गोष्टी बोरन्हाणातून घेतल्या तरी पुरे. मात्र बोरन्हाणातही एक धोका आहे. आठळीसकट बोर, शेंगदाणा आणि कठीण हलवा तीन-चार वर्षांखालील मुलांच्या हाती पडू नये. त्यांच्यासाठी चुरमुरे मोठ्यांनी वेचून द्यावेत व बाकीचे बाजूला काढावे.

काल व स्थान

वेळ सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी साडेचार ते सहा अशी असावी. सकाळच्या वेळेस बालकाची रात्रीची झोप पूर्ण झालेली असते व दुपारच्या निद्रेपूर्वी समारंभ संपतो. सायंकाळच्या वेळेस दुपारची निद्रा झालेली असते. रात्रीचा प्रथम भाग कफाचा, बाल्यावस्थाही कफप्रधान; त्यात वसंत ऋतू असेल तर कफप्रकोपास तिसरे कारण मिळते. म्हणून रात्रीचा समारंभ टाळावाच. लांबच्या नातलगांसाठी रात्री भोजन ठेवावयाचे असल्यास ते जरूर ठेवावे, परंतु तोपर्यंत बालक आतल्या खोलीत झोपलेले असावे. वाढदिवसाचा दिवस कामाच्या वारी येत असेल, तर त्या सकाळी घरच्यांनी औक्षण करावे व मुलांचा मेळावा पुढील रविवारी घ्यावा. मेगाब्लॉकची सूचना आधी प्रसिद्ध होते. ती पाहून मगच वेळ कळवावी.

ऋतूचा विचार बदलापुरात विशेष करावा लागतो. चैत्र-वैशाखात येथील उष्मा तीव्र असतो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालील गच्चीवर दुपारी मुले जमवू नयेत. पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी किती झपाट्याने चढते, हे २६ जुलै २००५ रोजी सर्वांनी अनुभवले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व हजारांहून अधिक प्रवाशांस बाहेर काढावे लागले. जुलै-ऑगस्टमध्ये वाढदिवस असलेल्या बालकांच्या पालकांनी सखल भागातील सभागृह घेऊ नये, आणि मुसळधार पावसाचा इशारा असल्यास समारंभ निःसंकोच पुढे ढकलावा. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो व पाण्याची शंका असते. पाणी उकळून गार केलेले असावे, बाहेरचा बर्फ नसावा.

पाहुण्या मुलांची संख्या किती असावी? बालकाचे वय जेवढे, त्याहून एक-दोन अधिक, हा ठोकताळा आम्हांस सोयीचा वाटतो. तीन वर्षांच्या मुलास चार-पाच सवंगडी पुष्कळ होतात. ध्वनिक्षेपक लावूच नये. रात्री दहानंतर तो लावण्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये बंदी आहेच. परंतु बंद खोलीत दिवसाही मोठा आवाज बालकाच्या कानांस व मनास सोसत नाही.

आहाराची योजना

चरकाचार्यांनी ग्रहणीचिकित्सेत समशन, अध्यशन व विषमाशन यांचे विवरण केले आहे. पथ्य-अपथ्य एकत्र खाणे, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे आणि अवेळी वा कमी-अधिक खाणे. वाढदिवसाच्या कागदी ताटलीत केक, वेफर्स, समोसा, गुलाबजाम व आइस्क्रीम एकत्र असतात. सायंकाळच्या खाण्यावर ते पडतात. आणि रात्री नऊनंतर पडतात. तिन्ही दोष एका ताटलीत नांदतात.

त्यास पर्याय साधा आहे. दोनच खारे पदार्थ व एकच गोड पदार्थ ठेवावा आणि तो ताजा, कोमट असावा. पहिल्या वाढदिवशी तूप घातलेली मुगाची मऊ खिचडी, मऊ इडली, कुस्करलेले पिकलेले केळे असे रोजच्या सवयीतील पदार्थ बालकास द्यावेत. त्या दिवशी एकही नवा पदार्थ प्रथमच देऊ नये. दोन-तीन वर्षांपुढील मुलांसाठी नाचणीचे धिरडे, उपमा, घरचा शिरा, खजूर घालून केलेला कणकेचा केक, राजगिऱ्याचा लाडू कुस्करून, असे पुष्कळ करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या बालकांस साखर, मीठ व ट्रान्स फॅट अधिक असलेले पदार्थ आणि साखरयुक्त पेये देऊ नयेत, असे म्हटले आहे. पहिल्या वाढदिवसाचा बाजारी केक म्हणूनच पाहुण्यांसाठी असावा; बालकाच्या ओठास लावण्याचा हट्ट धरू नये.

विरुद्धाहाराचा प्रश्न येथे हमखास येतो. चरक सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाबरोबर विरुद्ध म्हणून सांगितलेल्या द्रव्यांत मोच म्हणजे केळे, जांभूळ, फणस, नारळ, डाळिंब व सर्व आंबट पदार्थ येतात. जून महिन्यात बदलापूरचे प्रसिद्ध जांभूळ बाजारात येते. कोणी हौसेने त्याचे मिल्कशेक किंवा आइस्क्रीम करून मुलांस देऊ पाहते, कोणी फणसाची खीर, कोणी फ्रूट सॅलड. जांभूळ जरूर द्यावे. आठळी काढून, गर सुटा करून, जेवणानंतर थोडे द्यावे. दुधात मात्र मिसळू नये. रात्री दही खाऊ नये, हे वचनही सर्वांस ठाऊक आहे. तरी रात्रीच्या वाढदिवसात दहीपुरी व दहीवडा हटकून असतो.

रंगीत पदार्थांविषयी पालकांस शास्त्रीय आधार हवा असतो. २००७ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या व आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग व सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने अतिचंचलता वाढल्याचे आढळले. त्यानंतर २०१० पासून युरोपीय संघात अशा रंगांच्या वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे झाले. आपल्याकडे २०२४ मध्ये रोडामिन-बी हा घातक रंग सापडल्यामुळे तमिळनाडूने व पाठोपाठ कर्नाटकाने रंगीत 'बुढ्ढी के बाल' विक्रीविरुद्ध कारवाई केली. समारंभात 'बुढ्ढी के बाल'चे यंत्र आणणे ही आता प्रथाच झाली आहे. किमान रंग घालू नये, एवढे तरी सांगावे.

कंठावरोध : सर्वांत मोठा धोका

अजीर्ण दोन दिवसांत बरे होते. श्वासमार्गात अडकलेला शेंगदाणा मात्र काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. चार वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षे, कठीण गोळ्या व चिकट जेलीचे तुकडे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. या वयात दाढा पुरेशा आलेल्या नसतात व चर्वण अपुरे असते. फरसाणाच्या वाटीत शेंगदाणे असतात, हे ध्यानात ठेवावे. मुले बसूनच खातील, खाताना धावणार-हसणार नाहीत, यासाठी एका मोठ्या माणसास केवळ तेवढेच काम द्यावे. खाणे आधी व खेळ नंतर, हा क्रम त्यासाठीच आहे.

फुग्यांविषयीही असेच. न फुगविलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात जाऊन घशावर पडद्यासारखा बसतो. आठ वर्षांखालील मुलांच्या हाती असे तुकडे येऊ देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेत फुग्यांच्या वेष्टनावर छापतात. फुगे उंचावर बांधावेत, मोठ्यांनीच फुगवावेत आणि फुटताच तुकडे उचलावेत. हवेत तरंगणाऱ्या फुग्यांत हेलियमऐवजी ज्वालाग्राही हायड्रोजन भरलेला असू शकतो. मेणबत्तीजवळ असा फुगा आणणे म्हणजे स्फोटास आमंत्रण. फवारणीच्या कृत्रिम बर्फाचेही तसेच. त्यातील वायू पेट घेतो.

घास अडकल्यास काय करावे, हे प्रत्येक वैद्याने व औषधालयातील प्रत्येक सेवकाने शिकून घ्यावे व पालकांस शिकवावे. मूल मोठ्याने खोकत किंवा रडत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाज निघत नसेल व चेहरा निळसर होऊ लागला तर क्षणही दवडू नये. एक वर्षाखालील बालकास हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. नंतर उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. एक वर्षावरील मुलास पुढे वाकवून तशाच पाच थापा, व त्यानंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर व उरोस्थीच्या खाली आत-वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. पदार्थ निघेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. पदार्थ दिसत नसताना तोंडात बोट घालू नये. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल बेशुद्ध झाल्यास हृदय-श्वसन पुनरुज्जीवन तत्काळ सुरू करावे.

दीप, मेणबत्ती व भेटवस्तू

औक्षणात दीप उजळतो, तर केकवर तो विझतो, ही तुलना आपण नेहमी ऐकतो. आरोग्याच्या दृष्टीने एवढे सांगता येते की, अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात मेणबत्त्या फुंकल्याने केकवरील थरातील जिवाणूंची संख्या सरासरी सुमारे १४०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. निरोगी माणसास यापासून मोठा धोका नाही, असेही संशोधकांचे मत होते. परंतु सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मेणबत्ती वेगळ्या लहान केकवर लावावी, ही सूचना कोणीही मान्य करील. औक्षणाच्या वेळी निरांजनही बालकाच्या हातापासून व जरीच्या झबल्यापासून दूर धरावे.

भेटवस्तूंस चरकाचार्यांची कसोटी लावावी. 'तोंडात जाण्याजोगे नसावे' या एका लक्षणाने निम्मी खेळणी बाद होतात. बटणासारखे चपटे घट असलेली दिवे लागणारी खेळणी सर्वांत घातक आहेत. असा घट अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही तीव्र दाह होऊ शकतो. तो गिळल्याची शंका आली तरी औषधाच्या फंदात न पडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. ते पाहून घ्यावे. सजावटीचे थर्माकोल व फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. झेंडूची माळ व आंब्याची डहाळी यांनी घर अधिक शोभते व खर्चही वाचतो.

मधाविषयी आपले कर्तव्य

हा मुद्दा थेट आपल्या व्यवसायाचा आहे. पहिल्या वाढदिवसास येणाऱ्या पाहुण्यांत वर्षाखालील बालकेही असतात आणि कौतुकाने त्यांस मधाचे बोट चाटविले जाते. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाखालील बालकाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करतात व त्यातून अंगाची शिथिलता व श्वसनावरोध होऊ शकतो. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध देऊ नये, यावर आधुनिक बालरोगशास्त्र ठाम आहे. आपल्या परंपरेत मध हे प्रिय अनुपान असले, तरी या वयात तूप किंवा मातृस्तन्य हे अनुपान आपणांस उपलब्ध आहे. बालकाच्या प्राणांपेक्षा अनुपानाचा आग्रह मोठा मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालयांनीही बालचाटण देताना वय विचारावे व घटकांत मध असल्यास तसे सांगावे.

आपले स्वतःचे घर व औषधालय

अनेक वैद्यांचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत किंवा इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात असतो. घरी वाढदिवस असताना तेथे मुले शिरतात. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, कुपीलू, जयपाल, गुंजा, धत्तूर यांसारखी विषारी द्रव्ये नोंदविली आहेत व त्यांपासून बनविलेल्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आवश्यक आहे. परंतु तीन वर्षांचे मूल सूचना वाचत नाही. लाल-काळी गुंज त्यास मण्यासारखी दिसते, साखरेचे आवरण असलेली वटी गोळीसारखी आणि आसवाची बाटली सरबतासारखी. त्या दिवशी कपाटास कुलूप, खलबत्ता उंचावर आणि दवाखान्याचे दार बंद, एवढे करावेच.

औषधालयाच्या मालकांस एक विनंती. वाढदिवसाच्या परतभेटीसाठी कंपन्यांचे नमुने, गोड चघळगोळ्या किंवा च्यवनप्राशाच्या पुड्या वाटण्याची मागणी कोणी केल्यास ती नम्रपणे नाकारावी. औषध हा खाऊ आहे, अशी समजूत बालमनात रुजू देणे धोक्याचे आहे. त्याऐवजी तुळशीचे किंवा अडुळशाचे रोप द्यावे. दुकानाचे नावही होते व घरात एक उपयुक्त वनस्पती जाते.

पालकांस द्यावयाची चिठ्ठी

आम्ही पालकांस सांगतो ते सार असे. समारंभ दीड तासाचा, उजेडाच्या वेळी. आरंभी औक्षण व केक, मग बसून खाणे, मग गाणी व शांत खेळ, आणि निरोप. बालकासाठी एक खोली रिकामी, काळोखी व शांत. कपडे मऊ, सुती, सवयीचे. आमंत्रणातच विचारावे : कोणत्या मुलास शेंगदाणा, दूध वा अन्य पदार्थ सोसत नाही? ज्या मुलास ताप किंवा पुरळ आहे, त्यास घरीच ठेवावे, हेही लिहावे. त्याचा खाऊ घरी पोहोचवावा. यजमान बालकच आजारी असेल, तर समारंभ आठवडाभर पुढे न्यावा. त्यास औषधाच्या जोरावर उभे करण्याची मागणी वैद्याने मान्य करू नये.

अशी चिठ्ठी अर्ध्या कागदावर मावते. मराठीत छापून ती दवाखान्यात व औषधालयाच्या गल्ल्याजवळ ठेवावी. सर्दीसाठी आलेल्या मातेने "रविवारी वाढदिवस आहे" असे म्हणताच तिच्या हाती द्यावी व दोन मिनिटे बोलावे. त्या दोन मिनिटांचे शुल्क मिळत नाही, आणि सोमवारचा एक रुग्णही कमी होतो. तरीही स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, आणि कात्रपसारख्या वाढत्या वस्तीत त्याची सुरुवात करण्यास एका बालकाच्या वाढदिवसाइतका सोयीचा दिवस दुसरा नाही.